आज चुकून पाहुणी झाले

गुरुवार, 18 जुलै 2019, ल्वीव, युक्रेन

सगळं नीट पार पडलं. हे आधीच लिहून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की कार्यक्रमाचा बोऱ्या वाजला. आमच्याकडे कामाला येणारी परदेशी इंटर्न पोरं वेळेवर आली. इजिप्तच्या मुलीची बॅग वॉर्सात अडकली होती, ती दुपारी पोचली. पाऊसही चारपर्यंत थांबला, आणि ल्वीवमध्ये जुलैत पाऊस थांबला म्हणजे उपकारच समजायचे. तरी रात्री बाराला मी जागी आहे आणि एका पावावरून माझं डोकं फिरलंय.

अंगणात नेहमीसारखंच स्वागत होतं. गाण्याच्या ग्रुपमधल्या तिघी, मधल्या मोठ्या बाईंच्या हातांवर रुश्निक, म्हणजे भरतकामाचा लांब पंचा, त्यावर कोरोवाय, म्हणजे समारंभाचा पाव. गोल, फुगलेला, तपकिरी, वर कणकेचे पक्षी आणि गव्हाच्या लोंब्या, मधोमध खळगा करून त्यात मिठाची वाटी. पाहुण्याने तुकडा तोडायचा, मिठाला लावायचा, खायचा. पोरांना हे मी बसमध्येच शिकवून ठेवलं होतं. पुढे कोण होणार तेही ठरलं होतं. जॉर्जियाची मुलगी, कारण ती उंच आहे आणि लाजत नाही. मी कडेला उभी होते, एका हातात याद्या, दुसऱ्या हातात किल्ल्यांचा जुडगा. आणि अंगात सासूबाईंनी भरलेली विशिवांका, इथला भरतकामाचा सदरा! बोर्श्चिव गावाकडची, बाह्या काळ्या दोऱ्याने इतक्या गच्च भरलेल्या की खालचं कापड दिसत नाही. बाकी सगळे जीन्स आणि टी-शर्टात.

मोठ्या बाई आल्या. रांगेवरून एकदा नजर फिरवली. जॉर्जियाच्या मुलीला ओलांडलं, जर्मन मुलाला ओलांडलं, आणि पाव माझ्यापुढे धरला.

मी तुकडा तोडला. दुसरं काय करणार? भरल्या अंगणात, फोटो निघत असताना, ‘अहो, तुम्हाला बोलावणारी मीच’ असं सांगायचं? दोन वाक्यं बोलले, चांगली स्वच्छ युक्रेनियनमध्ये, घरी बोलते तशी. तर बाई शेजारणीकडे वळून म्हणाल्या, “बघ ना, किती छान बोलते!” मला नाही, शेजारणीला. मी तिथे तोंडात पाव घेऊन उभी. मागून नाशिकचा पोरगा हळूच म्हणाला, “ताई, मीठ जरा बेतानं.” तेवढं एक बरं झालं, नाहीतर माझा चेहरा फोटोत भलताच आला असता.

बाईंचं काही चुकलं नाही. त्या बाहेरून आलेल्या, मला कधी पाहिलेलं नाही. पाहुणे परदेशी आहेत एवढंच त्यांना सांगितलेलं, आणि त्या घोळक्यात सगळ्यात परदेशी कोण दिसत होतं ते मलाही कळतं. जर्मन आणि जॉर्जियन काय, न बोलता उभे राहिले तर इथलेच वाटतात. कातडीचा विषय मी इथे काढत नाही. काढला की नवरा गप्प होतो आणि मला त्याचं गप्प होणं आवडत नाही. संध्याकाळी त्याला सांगितलं तर म्हणाला, “त्यांना काय माहीत?” बरोबरच आहे. पण बरोबर उत्तराने राग जात नाही, उलट तो ठेवायला जागा उरत नाही.

आईला फोन केला. सांगलीत साडेदहा वाजून गेले होते, तरी उचलला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग काय झालं? आपण नाही का भाकरतुकडा ओवाळत? आपण ओवाळून टाकतो, ते खायला देतात. बरंच की गं बाई.” मी म्हटलं, अगं आई, तो मला नव्हता. तर म्हणे, “खाल्लास ना? मग तुलाच होता.” आईशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

दुपारी जेवताना टेबलावर सालोची ताटली आली. पातळ पांढरे काप, वर लसूण. नाशिककराने काटा पुढे केला आणि विचारलं, “ताई, हे पनीर का?” डुकराची नुसती चरबी आहे म्हटल्यावर काटा जागच्या जागी थांबला. इजिप्तची पोरगी आधीच खुर्ची सरकवून लांब बसली होती. मी ताटली उचलून जर्मनापुढे ठेवली आणि दोघांना बटाटा भरून उकडलेले वारेनिकी वाढले, वर कांदा तेलात परतून घेतलाय याची आत जाऊन खात्री करून. हे मला जमतं. कोण काय खात नाही, कुणाला कुठे अवघडल्यासारखं होईल, हे मला आधी कळतं. म्हणूनच हे काम दरवर्षी माझ्याकडे येतं. आणि हे कळतं, कारण ते सगळं माझ्यावर होऊन गेलंय. म्हणजे पाहुणी म्हणून घेतलेल्या शिक्षणावर माझं यजमानपण चाललंय. बाईंना बहुतेक तेच दिसलं असेल.

जेवणानंतर जुन्या गावातला रिनोक चौक. पाठ असलेलं सगळं सांगितलं: 1256 मधला पहिला उल्लेख, राजा दानिलो, त्याच्या मुलाच्या, लेवच्या नावावरून गाव, लेव म्हणजे सिंह, म्हणून जिथे तिथे सिंह. चार कोपऱ्यांतली चार कारंजी, नेपच्यून, डायना, अ‍ॅम्फिट्रिटी, अ‍ॅडोनिस. 1998 पासून जुनं गाव युनेस्कोच्या यादीत. पोरांना यातलं काहीच लक्षात राहत नाही. लक्षात राहते ती पोल्त्वा. नदीकाठचं शहर आहे आणि नदी दिसत नाही, ती ऑपेराच्या खालून, बंद गटारातून वाहते, म्हटल्यावर सगळे पायाखाली बघतात.

मग सहा नंबरचं घर. ते मी नेहमी रंगवून सांगते. कोर्न्याक्त, क्रीट बेटावरचा ग्रीक, दारूचा व्यापारी, इथे आला आणि 1580 मध्ये चौकात हवेली बांधली. बाकीच्या घरांना दर्शनी तीन खिडक्या, याच्या घराला सहा. पुढे ते घर पोलंडला राजा देणाऱ्या सोबिएस्की घराण्याकडे गेलं आणि राजवाडा म्हणवलं जाऊ लागलं. उस्पेन्स्की चर्चचा उंच मनोराही त्याच्याच पैशाचा. आज हे सांगता सांगता मनात आलं, या माणसाला किती वर्षांनी लोकांनी ‘किती छान बोलतो’ म्हणायचं सोडलं असेल? की मनोरा बांधून दिल्यावरच सोडलं? तेवढे पैसे माझ्याकडे नाहीत.

खरं काम उद्यापासून. यंदा पोरं जुन्या ब्रामांची नोंद करणार आहेत, म्हणजे इमारतींची मोठी प्रवेशदारं आणि आतले बोळ. लाकडी दारं, फरशांची नक्षी, जिन्याचे कठडे, चिखलाचे बूट खरवडायची उंबऱ्यापाशी बसवलेली लोखंडी पट्टी. आणि भिंतींवरच्या जुन्या पाट्या. रंग उडाला की खालून पोलिश, जर्मन, यिद्दिश अक्षरं वर येतात: दूध, लोणी, टोप्या, पीठ. अशा एका पाटीपाशी ब्राझीलच्या मुलाने विचारलं, हे दुकानवाले गेले कुठे? विचारणारच होतं कुणीतरी. युद्धाआधी या शहरात तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास ज्यू होते, जर्मनांनी त्यांना जवळजवळ सगळ्यांना मारलं. पोलिश लोक युद्धानंतर सरहद्दीपलीकडे पाठवले गेले. आणि पलीकडचे युक्रेनियन इकडे. आमच्या आजेसासूबाई त्यातल्याच, खोल्मच्या बाजूने, म्हणजे आताच्या पोलंडातून आलेल्या. त्यांना मिळालेल्या घरात कपाटात दुसऱ्या कुणाची तरी ताटं रचून ठेवलेली होती. त्यातलं एक अजून आमच्याकडे आहे, निळ्या काठाचं. त्यात कुणी जेवत नाही आणि ते कुणी टाकतही नाही.

तर मुद्दा असा की आज ज्यांना मी ‘इथले’ म्हणते त्यांतल्या बहुतेकांच्या घरी कुणीतरी गाठोडं घेऊन आलेलं आहे. त्यांच्यापुढे कुणी कोरोवाय धरला नव्हता. हे कळून मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. आजेसासूबाई बाजारात उभ्या राहिल्या तर त्यांना कुणी ‘कुठल्या तुम्ही?’ असं विचारत नव्हतं.

परतताना ट्राममध्ये गर्दी. मागून कुणीतरी खांद्याला बोट लावलं, मुठीत चुरगळलेल्या नोटा कोंबल्या आणि म्हणालं, पुढे द्या. मी पुढच्याला दिल्या, त्याने त्याच्या पुढच्याला, ड्रायव्हरपर्यंत गेल्या. तिकीट आणि सुटे पैसे त्याच वाटेने परत आले, मी मागे दिले. मागे वळून बघितलंही नाही, त्यानेही माझं तोंड बघितलं नाही. ब्राझीलवाला डोळे विस्फारून म्हणाला, पैसे मधेच कुणी खात नाही? नाही खात. म्हणजे पाव मला परकी म्हणून मिळाला आणि सुटे पैसे इथली म्हणून. आता यात सुटे पैसे जास्त मोलाचे असं म्हणायला मी तयार आहे, पण त्याने फक्त जवळचा खांदा गाठला असणार.

रस्त्यात खांबाखांबावर निवडणुकीचे चेहरे. रविवारी मतदान. लेक विचारत होती, आई, तू कुणाला देणार? तिला कार्ड दाखवलं, कायम वास्तव्याचं, त्यावर मत देता येत नाही. ‘कायम’ आहे ना, मग? म्हणाली. तो विषय आज नको.

आत्ता हे सगळं लिहिताना एक गोष्ट वर आली, ती लिहिल्याशिवाय झोप येणार नाही. इथे लग्न झालं की नवरा-नवरीला दारात असाच पाव आणि मीठ घेऊन आईवडील सामोरे येतात. आमचं रजिस्टर लग्न. त्या दिवशी दारात कुणी नव्हतं. सासूबाई तेव्हा आजारी होत्या, असं आम्ही सगळे म्हणतो. पुढे सगळं सुरळीत झालं. लेक झाली, बाह्या काळ्या दोऱ्याने भरलेली विशिवांका आली, ती भरताना त्यांचे डोळे गेले असं त्या दर वेळी सांगतात. पण तो पाव राहिलाच. तो आज आला, इतक्या उशिरा, अनोळखी बाईंच्या हातून, चुकून. म्हणजे चिडचीड होत होती ती पाहुणी समजल्याची नव्हतीच की काय? अंगणात घास तोंडात गेला तेव्हा क्षणभर छान वाटलं होतं. ते छान वाटणंच मला पचलं नाही.

रात्री जेवण झाल्यावर सासूबाईंचा फोन आला होता. त्यांना मी मुद्दाम सांगितलं, पाव माझ्यापुढे धरला म्हणून. काय म्हणतील याची उगाच धाकधूक होती. दोन क्षण गप्प होत्या. मग म्हणाल्या, विकतचा होता का? विकतचा होता. कोरडा? कोरडा होता. “वाटलंच,” म्हणाल्या, “आजकाल अंडी घालायला हात थरथरतात लोकांचे.” आणि विशिवांकेला घाम लागला असेल तर कोमट पाण्यात धू, मशीनला लावू नको, हे दोनदा बजावलं. एवढंच. मी हसत सुटले, नवरा आतून बघायला आला काय झालं म्हणून. या बाईंकडून मला कधी पाव मिळणार नाही, विकतच्या पावाला नावं ठेवताना सोबत मात्र मिळेल, आणि चालतंय की ते.

उद्या आठला निघायचं. जर्मनाला सांगायचंय की दुसऱ्या ब्रामाची चौकट बुटकी आहे, डोकं सांभाळ. नाशिककराचा मेसेज आलाय, हिरव्या मिरच्या कुठे मिळतील. इजिप्तच्या मुलीला छत्री द्यायची. आणि पहिल्याच घरात तळमजल्यावरची ती आजी आहे. दार उघडण्याआधी खिडकीचा पडदा बाजूला सारून विचारते, “तुम्ही कुणाचे?” कुठल्या देशाचे नाही, कुणाचे. आमच्या गावाकडे विहिरीवर विचारायच्या तसं. मागच्या वेळी मी कामाच्या ठिकाणाचं नाव सांगितलं तर तिने सरळ पडदा ओढून घेतला. उद्या सासऱ्यांचं आडनाव सांगून बघते. चॉकलेटचा डबाही घेतलाय, मोठाच घेतलाय, एवढ्या सगळ्यांना आत न्यायचंय.