दुखणे थांबले तेव्हा छातीत पाणी भरत होते

गेल्या पावसाळ्यात माझ्या उजव्या कुशीत कळ येऊ लागली. साधा श्वास चालत असे, पण जांभई आली, शिंक आली किंवा फळीवरचा डबा काढायला हात वर केला की बरगड्यांच्या आत चर्रकन कापल्यासारखे होई. सोबत कोरडा खोकला होता आणि तिन्हीसांजेला अंगात कसर येई. स्नायू आखडला असेल असे समजून वेदनाशामक गोळ्या आणि मलम सुरू झाले, आणि थोड्याच दिवसांत कळ खरोखरच ओसरली. घरात सगळ्यांना हायसे वाटले. ती गोळ्यांमुळे ओसरलेली नव्हती, तर आजार पुढच्या टप्प्यात गेल्यामुळे ओसरली होती, हे पुढे छातीच्या डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून समजावले, तेव्हा मला ते पटायलाही वेळ लागला.

फुफ्फुसावर एक पातळ आवरण असते आणि बरगड्यांच्या आतल्या अंगाला दुसरे. या दोहोंच्या मधल्या फटीत निरोगी माणसात जेमतेम दोन-चार चमचे द्रव असतो. ओली स्टीलची ताटे एकावर एक ठेवली की एकमेकांवरून सहज सरकतात, पण उचलून वेगळी करायला जोर लागतो. तसेच काहीसे इथे चालते. फटीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी असतो, त्यामुळे छाती फुगली की फुफ्फुस तिच्यामागोमाग ओढले जाते. फुफ्फुसाला श्वास घेण्यासाठी स्वतःचा स्नायू नाही. छाती आणि पोट यांच्यामधले श्वासपटल आणि बरगड्यांचे स्नायू काम करतात आणि ते काम या ओल्या फटीमार्फत फुफ्फुसापर्यंत पोहोचते. आतल्या आवरणाला वेदना कळत नाही, बाहेरच्याला मात्र चांगलीच कळते. माझ्या बाबतीत क्षयाच्या जंतूंमुळे ही आवरणे सुजून खरखरीत झाली होती आणि दर खोल श्वासाला एकमेकांवर घासत होती. तीच ती कळ. पुढे फटीत पाणी साचले, आवरणे एकमेकांपासून दूर गेली आणि घासणे थांबले, त्याबरोबर दुखणेही थांबले.

त्यानंतर जे सुरू झाले त्याला दुखणे म्हणता येत नव्हते. मी पतसंस्थेत काउंटरवर बसते. खातेदाराचे नाव, खाते क्रमांक आणि रक्कम मी एरवी एका दमात म्हणते. आता रकमेपर्यंत पोहोचण्याआधी मध्येच थांबून श्वास घ्यावा लागे. रात्री डाव्या कुशीवर झोपवत नसे, उजव्या कुशीवर मात्र बरे वाटे. कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर बोटाला लावला तर तो ९६ दाखवी, आणि घरातले म्हणत, "आकडा चांगला आहे, तुला थकवा आला असेल." आकडा खोटा नव्हता. दुसरे फुफ्फुस धड असेल तर रक्तातला प्राणवायू बराच काळ जेमतेम टिकतो. धाप लागते ती मुख्यतः पाण्याच्या वजनाने श्वासपटल खाली दाबले जाऊन सपाट होते म्हणून. सपाट झालेल्या स्नायूला आकुंचन पावायला जागाच उरत नाही, आणि मेंदूला कळते एवढेच की मेहनत खूप होते आहे पण हवा पुरेशी आत येत नाही.

छातीच्या डॉक्टरांनी यंत्राकडे वळण्याआधी माझ्या पाठीवर एका हाताचे मधले बोट ठेवून दुसऱ्या हाताच्या बोटाने त्यावर ठोकत वरून खाली तपासले. डाव्या बाजूला पोकळ आवाज येत होता. उजव्या बाजूला खांद्याच्या फऱ्याखाली तो अचानक भद्द झाला आणि तळापर्यंत तसाच राहिला. हा फरक मला स्वतःलाही स्पष्ट ऐकू आला. एक्स-रेमध्ये उजवीकडचा खालचा भाग पांढरा होता आणि त्याची कड काखेकडे वर चढलेली होती. उभ्याने काढलेल्या फोटोत बरगड्या आणि श्वासपटलाचा कोपरा बुजायला साधारण २०० मिलिलिटर पाणी लागते, त्याहून कमी असेल तर ते सोनोग्राफीत सापडते. माझ्याकडे त्याच्या कितीतरी पट होते.

पाणी का साचले हा प्रश्न वेगळा, आणि तो पाणी पाहिल्याशिवाय सुटत नाही. हृदय कमकुवत झाले की रक्तवाहिन्यांतला दाब वाढून पाणी पाझरते. यकृत किंवा मूत्रपिंडाच्या आजारात रक्तातले प्रथिन घटते आणि पाणी वाहिन्यांत धरून ठेवणारी ओढ कमी होते. या दोन्हीत आवरणे बिचारी निरोगीच असतात, आणि पाण्यात प्रथिन थोडे असते. क्षय, न्यूमोनिया किंवा कर्करोगात मात्र आवरणच सुजते, त्यातल्या सूक्ष्म वाहिन्या गळू लागतात आणि पाण्याबरोबर प्रथिनही बाहेर पडते. त्यामुळे फोटोत सारखेच दिसणारे पाणी सुईने काढून, रक्ताच्या नमुन्याशी ताडून पाहावे लागते.

मला खाटेच्या कडेला बसवून समोरच्या टेबलावर उशी ठेवली आणि तिच्यावर हात टेकून पुढे वाकायला सांगितले. सोनोग्राफीने जागा पाहून पाठीवर पेनाने खूण केली. बधिर करण्याचे इंजेक्शन तेवढे झोंबले. त्यानंतर जाणवला तो फक्त दाब. सुई नेहमी खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला लागून घालतात, कारण प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेने रक्तवाहिनी आणि मज्जातंतू गेलेले असतात. "ताई, खोकला यायला लागला किंवा छाती आवळली तर लगेच सांगा, आपण थांबू," असे डॉक्टर सतत बोलत होते. निघालेले पाणी गवती पिवळे आणि स्वच्छ होते, पाहून किळस येईल असे त्यात काही नव्हते. सुमारे ९०० मिलिलिटर निघाल्यावर मला खोकल्याची उबळ आली आणि त्यांनी हात थांबवला. दबून बसलेले फुफ्फुस पुन्हा फुगू लागले की असा खोकला येतो. एका बैठकीत साधारण दीड लिटरच्या वर पाणी काढत नाहीत, कारण फुफ्फुस फार झपाट्याने उघडले तर त्याच्या आतच पाणी उतरण्याचा धोका असतो. मी उठून बसले आणि पहिला सबंध श्वास घेतला तेव्हा जुनी कळ पुन्हा उमटली. या वेळी ती आल्याचे डॉक्टरांना समाधान वाटले.

अहवालात प्रथिन जास्त होते, पेशी बहुतांशी लिम्फोसाइट या प्रकारच्या पांढऱ्या पेशी होत्या आणि क्षयाच्या पाण्यात वाढणारे एडीए हे विकर ४० च्या बरेच वर होते. क्षयाचा जंतू मात्र पाण्यात सापडला नाही, जंतूची जनुके शोधणाऱ्या सीबीनॅट चाचणीतही नाही, आणि माझ्या घरच्यांनी इथेच सर्वाधिक वाद घातला. जंतूच नाही तर सहा महिने गोळ्या कशासाठी? त्याचे उत्तर आजाराच्या स्वरूपातच आहे. फुफ्फुसाच्या कडेला असलेली क्षयाची एखादी बारीक गाठ फुटून थोडेसे जंतू फटीत शिरतात, आणि त्यांना आधीपासून ओळखणारी शरीराची प्रतिकारयंत्रणा एवढी जोरात उसळते की पाणी होते ते मुख्यतः या उसळीमुळे. शिवाय फटीतला द्रव शोषून घेणाऱ्या लसिकावाहिन्यांची तोंडे सुजेने बुजतात. म्हणजे पाणी भरपूर आणि जंतू विरळ, हे या प्रकारात नेहमीचेच आहे. संध्याकाळची कसर, रात्रीचा घाम, उतरलेले वजन यांमागेही हेच; लढणाऱ्या पेशींनी सोडलेली रसायने मेंदूतल्या तापमानाच्या केंद्रापर्यंत जातात आणि भूकही मारतात.

थुंकीच्या तपासणीत जंतू नव्हते आणि फुफ्फुसात खड्डा नव्हता, त्यामुळे माझ्यापासून इतरांना लागण होण्याची भीती जवळपास नव्हती. सासूबाईंनी तरी माझे ताट-वाटी वेगळे काढले होते. गावपातळीवरच्या आरोग्यसेविका, म्हणजे आशाताई, घरी आल्या, चहा घेता घेता त्यांनी, "मावशी, हा भांड्यांतून जायचा आजार नाही, आणि वहिनींचा तर खोकल्यातूनही जायचा नाही," एवढेच म्हटले, आणि जे माझ्या आठवडाभराच्या स्पष्टीकरणाने झाले नव्हते ते झाले. उपचार खासगी डॉक्टरांकडे सुरू असले तरी नाव निक्षय या सरकारच्या क्षयरुग्ण-नोंदणी संकेतस्थळावर नोंदवावेच लागते, आणि गोळ्या सरकारकडून मोफत मिळतात. रक्तातली साखर आणि एचआयव्ही या तपासण्या प्रत्येक क्षयरुग्णाच्या करतात. त्यात अपमान वाटून घेण्यासारखे काही नाही. पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० रुपये मिळतात, पण त्यासाठी आधारला जोडलेले बँकेचे खाते लागते. पतसंस्थेचे खाते चालत नाही, हे मला तरी ठाऊक असायचेच.

वजन ४६ किलो असल्यामुळे सकाळी उपाशीपोटी तीन गोळ्या, पहिले दोन महिने चार औषधांच्या आणि पुढचे चार महिने तीन औषधांच्या. त्यांतल्या रिफाम्पिसिनमुळे लघवी नारिंगी होते, ते निरुपद्रवी आहे. पायराझिनामाइडने युरिक ॲसिड वाढते, म्हणून माझे घोटे दुखत. एथाम्बुटॉलमुळे लाल-हिरव्या रंगांची ओळख मंदावू शकते, आयसोनियाझिडने हातापायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून ब जीवनसत्त्वाची वेगळी गोळी असते. खरी नजर ठेवायची ती यकृतावर: उलट्या, अन्नावरची वासना उडणे, डोळे पिवळे दिसणे यांतले काहीही झाले तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचे. पुढे वजन पाच किलोंहून अधिक वाढून पन्नाशीपलीकडे गेले तेव्हा गोळ्या चार झाल्या. बरे होत असताना औषध वाढलेले पाहून घरात पुन्हा एकदा चर्चासत्र झाले.

महिन्याभरातच ताप गेला, भूक लागली, काउंटरवरचे बोलणे पूर्ववत झाले. या टप्प्यावर औषध सोडणारे बरेच असतात, आणि त्यांना दोष देणेही मला जड जाते, कारण शरीर अगदी मनापासून सांगत असते की आता झाले. पण वेगाने वाढणारे जंतू पहिल्या काही आठवड्यांत मरतात, आणि सुस्त पडून राहिलेल्यांना गाठायला उरलेले महिने लागतात. या आजारातले पाणी कित्येकदा औषधाविना देखील आटते. क्षयाची औषधे नव्हती त्या काळातल्या अमेरिकी सैनिकांची १९५५ साली प्रसिद्ध झालेली पाहणी याबाबत फार बोलकी आहे: पाणी आटून बरे झालेल्यांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश लोकांना पुढे कधीतरी क्षय उलटला.

औषधांबरोबर तीन चेंडूंचे स्पायरोमीटर, म्हणजे खोल श्वासाच्या व्यायामाचे साधन, दिले होते. पाण्यातल्या प्रथिनाचे धागे होऊन आवरणे एकमेकांना चिकटतात आणि जाड होतात, त्यामुळे फुफ्फुस पूर्ण फुगवत राहणे गरजेचे असते. माझ्या शेवटच्या एक्स-रेत उजवा कोपरा तरीही थोडा बोथट राहिला आहे. ते पाणी नाही, जाड झालेले आवरण आहे, आणि माझ्या श्वासाला त्याचा अडथळा जाणवत नाही. सरकारच्या क्षय कार्यक्रमाच्या नियमाप्रमाणे दोन वर्षे दर सहा महिन्यांनी तपासणी आहे. डॉक्टरांनी जुने आणि नवे दोन्ही फोटो जपून ठेवायला बजावले आहे, कारण पुढे कोणत्याही कारणाने छातीचा एक्स-रे निघाला आणि तुलनेला आधीचा फोटो नसला, तर तो बोथट कोपरा पाहून कुणीही पुन्हा सुई हातात घेईल.