सहा हजारांचं पॅडल, बॅडमिंटनच्या हातासाठी

आमच्या नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातल्या बॅडमिंटनवाल्यांपैकी निम्मे आता पिकलबॉल खेळून राहिले, म्हणजे फळीसारख्या पॅडलने प्लास्टिकचा भोकांचा चेंडू मारायचा खेळ. कोर्ट मापाने तेच, 44 बाय 20 फूट. जाळी खाली घेतली, तिच्या दोन्ही बाजूंना सात फुटांवर टेप मारली की झालं. अडतं ते पॅडलपाशी. दोन-अडीच हजारांच्या जोडीवाल्या सेटने सुरुवात होते, पुढे एखादा वीस हजारांच्या वरचं, प्रो खेळाडूच्या सहीचं पॅडल घेऊन येतो आणि सगळ्यांना आपलं भंगार वाटू लागतं. मी सहा हजारांची रेघ मारली होती. त्यात भागतं, चांगलं भागतं.

या पैशांत कार्बन फायबरचा खरखरीत पृष्ठभाग आणि आत 16 मिलिमीटरचा पॉलिप्रोपिलीनचा जाळीदार गाभा मिळतो. 14 मिलिमीटर गाभ्याचं पॅडल चेंडू जास्त जोरात फेकतं. पण जोर आपल्याकडे आहेच हो, वर्षानुवर्षं स्मॅशच मारलेत. किचनच्या, म्हणजे जाळीलगतच्या त्या सात फुटांच्या पट्ट्याच्या, रेषेवर उभं राहून चेंडू अलगद पलीकडे टाकायचा तर जाड गाभाच बरा.

खरं बघायचं ते वजन. बॅडमिंटनची रॅकेट 85 ग्रॅमच्या आसपास, पॅडल सव्वादोनशेच्या. मनगटाने फटकारायची सवय असलेल्या हाताला हा फरक कोपरात कळतो. सीताबर्डीच्या एका दुकानात मी पॅडल तोलून मागितलं.

"ताई, भाजी घेऊन राहिल्या का?" पोरगा म्हणाला. पण काटा आणला बिचाऱ्याने. एकाच मॉडेलची दोन पॅडलं, एक 221 ग्रॅम, दुसरं 232! मी हलकं उचललं. हलक्या पॅडलच्या कडेला वजनाची टेप लावता येते. जड पॅडल तासता येत नाही.

ग्रिपचंही तेच. आपल्याला बारीक मुठीची सवय, त्यामुळे घेर चार इंचांच्या आसपासचा बघा. जाडी ओव्हरग्रिप, म्हणजे मुठीवरची पट्टी, गुंडाळून वाढते.

आकारात सध्या लांबट पॅडलची हवा आहे. नियमाने लांबी आणि रुंदी मिळून 24 इंचांपुढे जाता येत नाही, म्हणजे लांबी वाढली की रुंदी घटणारच. दोन हातांनी बॅकहँड मारणाऱ्या टेनिसवाल्यांना लांब दांडा लागतो. मला नाही लागत. 16 बाय 8 चं साधं पॅडल घेतलं. चेंडू मधोमध नाही लागला तरी फार रुसत नाही.

स्पर्धा खेळायच्या असतील तर पॅडलवरच्या 'अप्रूव्ह्ड' शिक्क्यावर जाऊ नका, शिक्का कोणीही छापतो. यूएसए पिकलबॉल या अमेरिकी संघटनेच्या यादीत मॉडेलचं नाव शोधा. आणि घेण्याआधी पृष्ठभागावर बोटाने टकटक करून बघा. एखाद्या जागी आवाज पोकळ किंवा खुळखुळ आला तर दुसरं मागा.

माझं पॅडल पाच हजार चारशेला पडलं. उरलेल्यात ओव्हरग्रिपचं पाकीट आणि उघड्यावर खेळायचे 40 भोकांचे चेंडू. आपल्याकडे मार्च उलटला की ग्रिप घामाने चिकट होते, तेव्हा पाकीटच घ्या, सुटी नको. आणि मे महिन्यात पॅडल गाडीच्या डिकीत विसरू नका. आतले थर गोंदाने चिकटवलेले असतात, आणि आपलं ऊन तुम्हाला माहीतच आहे.