बारोलो: जुनी बाटली तिथेच उघडा, कोवळी घरी आणा

बारोलो ही इटलीतल्या पिएमॉन्तेमधली, नेब्बिओलो द्राक्षाची लाल वाइन. ती चाखत तिथल्या लांगेच्या टेकड्यांत फिरायला नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा उत्तम. नेब्बिओलो द्राक्षाची तोडणी तोवर उरकलेली असते, त्यामुळे वायनरीतल्या माणसांना बोलायला सवड असते. आल्बा शहरातला पांढऱ्या ट्रफलचा (जमिनीखाली वाढणाऱ्या सुवासिक भूछत्राचा) बाजारही तेव्हा चालू असतो. सकाळी दऱ्यांत धुकं साचतं आणि टेकड्यांचे माथे तेवढे वर दिसतात. ऐन तोडणीत गेलात तर मळे बघायला मिळतील, पण चाखायला वेळ देणारं कुणी भेटणं कठीण.

ट्युरिनहून आल्बाला रेल्वेने साधारण सव्वा तास धरा. तिथून बारोलो गाव १५ किलोमीटरवर आहे, पण बस मोजक्याच आणि रविवारी तर त्यांच्या भरवशावर राहूच नका. गाडी भाड्याने घ्यायची तर भारतीय लायसनबरोबर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट घरूनच काढून न्यावं लागतं. इटलीत गाडी चालवताना रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे. बारोलोत अल्कोहोल किमान १३ टक्के, हल्ली बहुधा १४च्या वरच असतं. म्हणून चाखून थुंकायला जे तस्त ठेवलेलं असतं ते बिनदिक्कत वापरा. त्यात अपमान कुणालाच वाटत नाही, तिथली जाणकार मंडळीही तेच करतात. वायनरीची वेळ ईमेलने तीन-चार आठवडे आधी ठरवा. दिवसाला दोन पुरेत, कारण तिसऱ्या ठिकाणी जीभ रापलेली असते आणि फरक कळेनासा होतो.

फरक कळणं हाच तर या प्रवासाचा हेतू. बारोलो हे ११ गावांच्या हद्दीतल्या वाइनचं नाव आहे, द्राक्ष सगळीकडे एकच, पण माती बदलली की वाइन बदलते. पश्चिमेला ला मोर्रा आणि बारोलो या गावांत निळसर करडी, चुनखडीयुक्त चिकणमाती आहे. तिथली वाइन लवकर खुलते आणि वासाला पुढे असते. पूर्वेला सेर्रालुंगात जमीन अधिक जुनी, वालुकाश्माच्या थरांची. तिथली कोवळी वाइन हिरडा चघळावा तशी जीभ आवळते, पण टिकते फार. दक्षिणेचं मोन्फोर्ते याच बाजूचं. म्हणून पहिला दिवस पश्चिमेला, दुसरा पूर्वेला ठेवा आणि दोन्हीकडे एकाच सालाची, म्हणजे एकाच वर्षीच्या तोडणीची, वाइन मागा. साल वेगळं असेल तर मातीचा फरक की पावसाचा, हे सांगता येत नाही.

ला मोर्रा गावातल्या, देखावा बघायच्या सज्ज्यावर (उंची ५१३ मीटर) दुपारी, धुकं विरल्यावर जा. तिथून ही सगळी रचना नकाशासारखी समोर दिसते. खाली ब्रुनाते मळ्यात सॉल लेविट आणि डेव्हिड ट्रेमलेट या चित्रकारांनी १९९९ मध्ये रंगवलेली छोटी चॅपल आहे. वाटेवरच आहे तर बघून घ्या. आधी वेळ ठरवली नसेल तर बारोलोच्या किल्ल्यातली सरकारमान्य एनोतेका, म्हणजे वाइनचं दालन, गाठा. तिथे अनेक उत्पादकांच्या वाइन एकाच छताखाली चाखता येतात.

आता जुनी बाटली. ही आल्बात किंवा आसपासच्या गावात, ज्या रेस्टॉरंटची वाइनची यादी जाडजूड आहे तिथे घ्या. आदल्या दिवशी फोन करून बाटली उभी ठेवायला सांगा. हे विसरलं की साका, म्हणजे जुन्या वाइनमधला गाळ, सगळ्या वाइनभर पसरतो आणि शेवटचे दोन ग्लास कडू, रवाळ लागतात. साल निवडताना १९८९, १९९०, १९९६ आणि २००१ चांगली. २००२ ला गारपीट आणि पावसाने झोडपलं होतं, ते टाळा. बाटली उजेडात धरून बुचाच्या तळापासून वाइनची पातळी बघा. तीस-चाळीस वर्षांच्या बाटलीत तीन-चार सेंटिमीटर उतरलेली चालते, सहाच्या पुढे असेल तर पैसे घालू नका.

बूच जुनं असलं की नेहमीचा स्क्रू त्याचा भुगा करतो. दोन पात्यांचा ओपनर मागा: लांब पातं आधी काच आणि बूच यांच्या फटीत, मग आखूड, दोन्ही आलटून पालटून खाली सरकवायची आणि पिळत पिळत वर घ्यायचं. डिकँटरमध्ये (वाइन ओतून ठेवायच्या काचेच्या सुरईत) ओतताना बाटलीच्या खांद्याखाली टॉर्च लावा आणि मध्ये न थांबता एका धारेत ओता. थांबलात की साका उसळतो. गढूळ धागा खांद्यापर्यंत आला की थांबा. तळाशी अर्धी वाटी राहते, ती राहू द्या.

रंग फिका, कडेला विटकरी दिसला म्हणून घाबरू नका, नेब्बिओलो असाच असतो. चहाच्या कोऱ्या काढ्यासारखी तपकिरी आणि चिरून ठेवलेल्या सफरचंदाच्या वासाची असेल तर मात्र हवा लागून गेलेली आहे. उघडल्यावर कोंदट वास आला तर वीस मिनिटं थांबा. उडून गेला तर ठीक. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वाढत गेला तर बुचाचा दोष आहे, बाटली परत करा. चांगल्या बाटलीत वाळलेल्या गुलाबाच्या पाकळ्या आणि डांबर एकत्र येतात. हा वास एकदा घेतला की दुसऱ्या कशाशी गल्लत होत नाही. कोवळ्या बारोलोला दोन तास हवा द्या, तीस वर्षांच्या पुढच्या बाटलीला एवढी देऊ नका, ती ग्लासातच मावळते.

जोडीला ताजारिन, म्हणजे अंड्याच्या बारीक शेवया. अंडं चालतं पण मांस नको असेल तर लोणी आणि सेजची पानं घातलेल्या मागा, कारण नेहमीच्या सॉसमध्ये मांस असतं. ‘प्लिन’ या छोट्या पुरचुंड्यांतही बहुधा मांसच भरलेलं असतं, विचारून घ्या.

घरी आणायला जुनी बाटली नको. हलणं आणि आपला उन्हाळा तिला सोसत नाही. २०१६ किंवा २०१९ ची घ्या. मानेवरची सरकारी क्रमांकाची पट्टी शाबूत आहे ना, ते बघा. भारतात माणशी दोन लिटर शुल्कमुक्त, म्हणजे ७५० मिलिच्या दोन बाटल्या, तिसरीने २.२५ लिटर होतात. बाटल्या चेक-इन बॅगेत, कपड्यांच्या मधोमध ठेवा. मुंबई-नागपूरच्या कपाटात त्या एका मे महिन्यात शिजून जातात. १२ ते १४ अंशांचा वाइन कूलर असेल तरच सांभाळा, आणि सेर्रालुंगाची २०१६ असेल तर २०३० च्या आत हात लावू नका.