माझा अनुभव: आमचं घोडं 'एफ'पाशी अडलं

कॅलिफोर्नियात मूल हायस्कूलला गेलं की गणित कुठलं घ्यावं, एपी (कॉलेजच्या पातळीचे विषय) किती घ्याव्यात, यावर सल्ला द्यायला अख्खं महाराष्ट्र मंडळ तयार असतं. कलेच्या विषयाचं विचारलं तर मात्र "घ्या काहीतरी सोपं" म्हणून सगळे मोकळे होतात. त्या सोप्या विषयाने आमचा दहावीच्या सुरुवातीचा सगळा ऑगस्ट खाल्ला.

आधी नियम सांगते. बर्कली, यूसीएलए ही यूसीची (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची) कॉलेजं असोत की कॅल स्टेट (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी), प्रवेशासाठी ए ते जी अशा गटांत मिळून १५ वार्षिक विषय लागतात. त्यात एफ म्हणजे कला, एक वर्ष. नृत्य, संगीत, नाटक, चित्र-शिल्प वगैरे काहीही चालतं. दोन वेगळी सेमिस्टर जोडली तरी चालतात, पण यूसीला दोन्ही एकाच शाखेतली हवीत. एक सेमिस्टर ड्रॉइंग आणि एक नाटक केलं, तर यूसीचा एफ पुरा होत नाही. ग्रेड सी किंवा वरची हवी.

नववीत जागाच नव्हती, ते सोडून देते. दहावीसाठी लेकीने हौसेने व्हिडिओ प्रॉडक्शन घेतलं. शाळेच्या माहितीपुस्तकात तो विषय कलेच्याच पानावर होता, त्यामुळे शंका यायचं कारण नव्हतं. शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात सहज म्हणून मी यूसीच्या साइटवर आमच्या शाळेची मंजूर विषयांची यादी उघडली. व्हिडिओ प्रॉडक्शन होतं, पण जी गटात! जी म्हणजे जास्तीचा कुठलाही एक विषय. तो तिचा स्पॅनिशच्या तिसऱ्या वर्षाने आपोआप भरणार होता. एफ रिकामाच.

शाळेच्या काउन्सेलरला (विषय निवडायला मदत करणाऱ्या सल्लागार बाईंना) ई-मेल केली. उत्तर आलं, "काळजी नको, हा विषय अट पूर्ण करतो." कुठली अट, ते नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच वाक्य. डोकं फिरलं माझं. मग उलगडा झाला की ती बाई खोटं बोलत नव्हती, ती हायस्कूल पास होण्याची अट सांगत होती. कॅलिफोर्नियात पास व्हायला कला, परकीय भाषा किंवा व्यवसाय-शिक्षण यांपैकी कशाचंही एक वर्ष पुरतं, आणि व्हिडिओ प्रॉडक्शन व्यवसाय-शिक्षणात मोडतं. शाळेच्या दृष्टीने मुलगी पास. यूसीच्या दृष्टीने कलेचा विषयच नाही.

मग विषय बदलायचा फॉर्म. त्यात कारणं ठरलेली: पातळी चुकली, तास रिकामा राहिला, विषय आधीच झालाय. 'तुमचं माहितीपुस्तक गोंधळात टाकतं' हे कारण कुठून असणार? 'इतर'वर खूण करून सविस्तर लिहिलं. नामंजूर. का, तर विद्यार्थिनीने विषय स्वतः निवडला होता. ऑफिसात गेले तर काउंटरवर सांगितलं, काउन्सेलर भेटणार नाहीत, फॉर्म भरा. फॉर्म भरलाय म्हटलं तर, मग उत्तराची वाट पाहा. तिकडे विषय सोडण्याची शेवटची तारीख जवळ येत होती. एका काउन्सेलरमागे २५० विद्यार्थी असावेत अशी अमेरिकेतल्या स्कूल काउन्सेलरांच्या संघटनेचीच शिफारस आहे, आमच्याकडे त्याहून कितीतरी जास्त आहेत, हे मला कळतं. पण 'एफ की जी' या प्रश्नाचं उत्तर एका अक्षराचं असतं हो!

शेवटी लेक म्हणाली, "आई, तू आता ई-मेल करू नकोस, मी जाते." यूसीच्या यादीचं पान छापून लंच ब्रेकमध्ये थेट उपमुख्याध्यापकांकडे गेली. केमिस्ट्रीचा तास दुपारी सरकवून सिरॅमिक्स मिळवूनच आली. आईच्या लांबलचक ई-मेलपेक्षा मुलाने स्वतः जाऊन मागितलेलं इथे लवकर ऐकतात. आधी कुणी सांगितलं असतं तर माझं रक्त कमी आटलं असतं.

आठवलं म्हणून: यूसीसाठी १५पैकी ११ विषय बारावीच्या आधी संपावे लागतात. कला बारावीत ढकलता येते, पण तेव्हा वेळापत्रकात मारामारी असते. आणि यूसीच्या जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) दहावी-अकरावीचेच ग्रेड मोजतात, म्हणून चतुर पालक नववीतच कला उरकतात. मला तो हिशेब फारसा आवडत नाही, पण खरा आहे. ज्यांना जास्तीचा पॉइंट हवा त्यांच्यासाठी एपी आर्ट हिस्टरी किंवा एपी म्युझिक थिअरी आहे, दोन्ही एफमध्ये बसतात. मिडल स्कूलमधली कला मात्र धरत नाहीत.

आपल्याकडच्या मुलांचं एक वेगळंच. माझी लेक लहानपणापासून शास्त्रीय गाणं शिकते, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा दिल्या आहेत. ते एफमध्ये धरतील का, असं मी आशेने विचारलं होतं. नाही. खाजगी क्लास कितीही वर्षांचा असो, मंजूर यादीतला कोर्सच लागतो. गाण्याची जागा अर्जात दुसरीकडे आहे. यूसीत वीसपर्यंत उपक्रम लिहिता येतात, आणि आठपैकी चार प्रश्नांवर प्रत्येकी ३५० शब्दांत लिहायचं असतं, त्यातला एक प्रश्न सर्जनशीलतेवरच आहे. काही खाजगी कॉलेजं अर्जासोबत रेकॉर्डिंग घेतात, पण प्रत्येकाचे नियम निराळे, आणि गाणं खरंच तयार असेल तरच पाठवावं. मुलांच्या गाण्याबद्दल आपले कान फार उदार असतात.

यादी बघताना वर्ष नीट निवडा, ती दरवर्षी बदलते. विषयाचं नावही ट्रान्सक्रिप्टवर (शाळेच्या गुणपत्रकावर) आहे तेच हवं, मिळतंजुळतं नको.

व्हिडिओ प्रॉडक्शन यंदाच्या माहितीपुस्तकातही कलेच्याच पानावर आहे. त्याखाली 'जी' एवढं एक अक्षर छापा, असं मी शाळेला लिहून कळवलं. "आपल्या सूचनेबद्दल आभार" असं उत्तर आलं आहे.