घंगाळावरचं नाव

सकाळी आजोळचं तांब्याचं घंगाळ चिंच-मिठाने घासत होते. काळपटपणा निघाला आणि काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव वर आलं. ‘सौ.’ होतं, साल होतं १९३९. आडनाव मात्र आमचं नव्हतं. गावात त्या आडनावाचं आता एकही घर नाही.

मामीला विचारलं. ती म्हणाली, “भांडं भांडं असतं गं. उपडं घाल, वाळू दे.”

उपडं घातलं.

नेमका काल रात्री दिग्दर्शक मिखाएल हानेकेचा ‘काशे’ हा सिनेमा बघितला होता. पॅरिसमधल्या सुखवस्तू माणसाच्या दारात कुणीतरी व्हिडिओ कॅसेट ठेवून जातं. त्या धाग्याने तो लहानपणी एका अल्जीरियन मुलाशी कसा वागला तिथवर पोचतो. मुलाचे आईबाप १७ ऑक्टोबर १९६१ ला, पोलिसांनी अल्जीरियन मोर्चेकऱ्यांना मारलं त्या रात्री, गेलेले. कॅसेट कोण पाठवतं हे हानेके सांगतच नाही. मी रात्री चिडले होते त्यावर!

आज वाटतंय, आमच्याकडे कॅसेटची गरजच नव्हती. गांधीहत्येनंतर, १९४८ च्या फेब्रुवारीत, सातारा-सांगलीकडे ब्राह्मणांची घरं जाळली, हे मी पुस्तकात वाचलंय. घरात कधीच ऐकलं नाही. घंगाळ कदाचित मोडीच्या बाजारातूनही आलं असेल. असेलही.

पण मामीने माझ्याकडे न बघता “वाळू दे” म्हटलं. आणि आजोबा त्यातल्याच पाण्याने रोज अंघोळ करायचे.

तुमच्याकडच्या जुन्या भांड्यांवर कुणाची नावं आहेत?