सीतेच्या अरण्यातल्या बोरी-बाभळी

जात्यावरच्या एका प्रसिद्ध ओवीत अरण्यात सोडलेली सीता रडते आणि तिची समजूत घालायला बोरी-बाभळी बायका होऊन जमतात. वाल्मीकींच्या कथेत तिला ऋषींचा आश्रम आणि तिथल्या तपस्विनींची सोबत मिळते. ओवी रचणाऱ्या बाईने मात्र तिला आपल्या बांधावरची काटेरी झाडे दिली, कारण सासरी रडू कोसळले की आडोशाला तीच उभी असत. ओव्यांतली कैकेयीही राजकारण करणारी राणी राहत नाही, ती सासुरवास करणारी सासू होते.

हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या अभ्यासकांनी गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. त्यांतल्या काही मी पुनःपुन्हा वाचतो, तेव्हा जाणवते की या बायकांनी संस्कृती जपण्यासाठी म्हणून काही रचले नव्हते. पहाटे दळण संपवायचे होते, समोर खुंट्याला हात लावून जाऊ बसलेली होती, आणि जे उघड बोलता येत नव्हते ते सीतेच्या नावाने म्हणता येत होते. माझी आजीही दळताना गात असे. घरात गिरणीचे पीठ येऊ लागल्यावर तिला नुसत्या बसून ओव्या आठवेनात, हात गोल फिरवू लागली की एकेक ओळ येई. (आमच्याकडचे जाते आता एका नातेवाइकांच्या दिवाणखान्यात कुंडीखाली आहे, आणि पाहुणे त्याचे कौतुक करतात.)

म्हणूनच कथेत नथ, नऊवारी आणि तुळशीवृंदावन मांडून ठेवले की मराठी संस्कृती आली, हे मला पटत नाही. ती वस्तूंची यादी होते. ओवीकर्तीने उलट केले: परंपरेतली गोष्ट घेतली आणि तिच्यातला जो तपशील स्वतःच्या जगण्याशी जुळेना तो बेधडक बदलला.

सध्या मी कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या एका बाईची कथा लिहितो आहे. तिच्या तोंडी एकही ओवी नाही. मुलीला झोपवताना ती सीतेची गोष्ट सांगते आणि त्या गोष्टीत लक्ष्मण सीतेला गंगाकाठी नव्हे, महामार्गावरच्या बसथांब्यावर सोडून जातो. तिची समजूत घालायला कोण येते, ते अजून मला ठरवता आलेले नाही. पहाटेच्या पाळीला निघालेल्या बायका येतील, असा सध्या अंदाज आहे.