तुम्ही विचारलंत म्हणून : अँप्लिफायर कुठला घेऊ?

माझ्याकडे गाणे ऐकायला येणारे बरेच जण स्पीकरांच्या मागे डोकावून विचारतात की अँप्लिफायर कुठे आहे आणि त्यांनी स्वतः कुठला घ्यावा. माझे उत्तर असे, की वेगळा घेऊच नये. तो आतच बसवलेले अ‍ॅक्टिव्ह स्पीकर घ्यावेत.

पॅसिव्ह, म्हणजे बाहेरून वेगळा अँप्लिफायर लागणाऱ्या, स्पीकरमध्ये अँप्लिफायरची सगळी ताकद आधी क्रॉसओव्हरमधून जाते. तिथे तांब्याच्या तारेची वेटोळी आणि कपॅसिटर मिळून जाड आवाज वूफरकडे आणि बारीक आवाज ट्विटरकडे वळवतात. हे वाटप स्पीकरच्या कॉइलचा रोध ठरावीक धरून केलेले असते, पण कॉइल तापली की तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो आणि हिशेब बिघडू लागतो. घरगुती आवाजात कॉइल फारशी तापत नाही, हे मान्य. परंतु क्रॉसओव्हरमधल्या वेटोळ्याचा स्वतःचा रोध तर कायमच वाटेत असतो आणि वूफरवरची अँप्लिफायरची पकड तेवढी सैल होते.

अ‍ॅक्टिव्ह स्पीकरमध्ये हेच वाटप सिग्नल क्षीण असतानाच उरकते आणि मग वूफर व ट्विटर यांना आपापला अँप्लिफायर थेट जोडलेला असतो. यामाहाच्या एचएस ५ मध्ये ५ इंची वूफरला ४५ वॉट आणि १ इंची ट्विटरला २५ वॉट मिळतात. अँप्लिफायर आणि स्पीकर यांची जोडी जुळवण्याचे काम कारखान्यातच, मोजमाप करून झालेले असते, आणि मला हाच सर्वांत मोठा लाभ वाटतो. डग्ग्यावर मनगट घासून काढलेला घुमारा माझ्या जुन्या जोडीवर पुढच्या मात्रेत सांडत असे. आता तो वादकाने थांबवला की थांबतो, आणि मागे तानपुऱ्याची जवारी मोकळी ऐकू येते.

मात्र खोक्यावर ‘पॉवर्ड’ लिहिले म्हणजे स्पीकर अ‍ॅक्टिव्ह झाला, असे नव्हे. पुष्कळदा अँप्लिफायर एकाच डब्यात असतो, दुसऱ्याला नुसती वायर जाते आणि आत जुनाच क्रॉसओव्हर असतो. म्हणून वूफर आणि ट्विटरचे वॉट वेगवेगळे दिले आहेत का, हे माहितीपत्रकात पाहावे.

अ‍ॅक्टिव्ह स्पीकरचे तोटेही आहेत. प्रत्येक डब्याला स्वतंत्र प्लग लागतो, आणि अँप्लिफायर बिघडला तर अख्खा स्पीकर दुरुस्तीला न्यावा लागतो. शिवाय आवाजाची खुंटी बहुधा पाठीमागे असते, त्यामुळे डीएसी (डिजिटल गाण्याचा स्पीकरला चालणारा सिग्नल करून देणारे उपकरण) घेताना खुंटी असलेलाच घ्यावा, नाहीतर दर वेळी दोन्ही स्पीकरांच्या मागे हात घालावा लागेल.